पडद्यावरची जीप आणि वाशीमची काळी माती

मृगाचा पाऊस दोन-चार वेळा चांगला पडून गेला, की वाशीम जिल्ह्यातील पांदण रस्त्यांची रया जाते. उन्हाळ्यात ज्या वाटेवर हात शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, तीच वाट आठवडाभरात लोण्यासारखी मऊ होते. बैलगाडीच्या चाकोरीत पाणी साचते, पायातील चप्पल मातीतच राहते आणि मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल इतका घट्ट बसतो, की चाक फिरेनासे होते. मग वाटेतच थांबून काडीने तो उकरावा लागतो. सोयाबीनच्या पेरणीसाठी वावरात जाणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. जगभरातील लाखो लोक पदरचे पैसे मोजून, हौसेने अशाच चिखलात गाडी घालत असतात. फक्त तो चिखल संगणकाच्या पडद्यावर असतो आणि गाडी असते ती बहुधा जुनी, लष्करी बनावटीची जीप किंवा ट्रक.

हा निव्वळ पोरखेळ आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येईल. पण तसे करणे घाईचे ठरेल. या खेळांमागे यंत्रशास्त्र आणि मृदाशास्त्राचे बरेच गणित आहे. जीप चिखलात का रुतते आणि कशी निघते, हे त्यांतून पुष्कळ अंशी खरे समजते. मात्र काही गोष्टी हे खेळ मुळीच शिकवत नाहीत आणि पावसाळ्यात गावाकडे निघालेल्या शहरी माणसाच्या जिवाशी गाठ असते ती नेमकी त्याच गोष्टींची. म्हणून खेळातले खरे किती आणि सोयीचे किती, हे नीट पाहायला हवे.

शर्यत नाही, शत्रू नाही

संगणकावरील मोटारींचे खेळ म्हटले, की गुळगुळीत रस्ता आणि भन्नाट वेग डोळ्यांसमोर येतो. २०१४ साली आलेल्या ‘स्पिनटायर्स’ या खेळाने ही कल्पना पार उलटी केली. त्यात शर्यत नव्हती, शत्रू नव्हता, वेगाची तर बातच नव्हती. सोव्हिएत काळातील अवजड वाहने घेऊन जंगलातील चिखलवाटांनी लाकडाचे ओंडके मुक्कामी पोहोचवायचे, एवढेच काम. त्याच परंपरेत २०१७ साली ‘मडरनर’, २०२० साली ‘स्नोरनर’ आणि २०२४ साली ‘एक्स्पेडिशन्स’ हे खेळ आले. खऱ्या व्यवहाराची हुबेहूब नक्कल करणाऱ्या अशा खेळांना ‘सिम्युलेशन’ म्हणतात. ‘बीमएनजी ड्राइव्ह’ नावाचा याच जातकुळीचा आणखी एक खेळ आहे. त्यात गाडीचा प्रत्येक भाग लवचीक सांगाड्यासारखा गणिताने उभा केलेला असतो. त्यामुळे धडक बसली, की पत्रा खऱ्यासारखा चेपतो आणि चाकाचा आस खऱ्यासारखा वाकतो.

‘मडरनर’मध्ये ‘ए-४६९’ या नावाने एक छोटी गाडी मिळते. ती १९७० च्या दशकात सोव्हिएत सैन्यात दाखल झालेल्या ‘यूएझेड-४६९’ या जीपवर बेतलेली आहे. शिवाय खेळाडूंनी स्वतः घडवलेली वाहनेही या खेळात जोडता येतात. दुसऱ्या महायुद्धातील ‘विलीज’ जीपच्या प्रतिकृती त्याच मार्गाने पडद्यावर अवतरतात.

खेळातील जीपचे काम ओझे वाहण्याचे नसून वाट शोधण्याचे असते. नकाशाचा मोठा भाग सुरुवातीला अंधारात असतो. जीप घेऊन पुढे जायचे, कुठली वाट टणक, कुठला नाला उथळ हे पाहून यायचे आणि मग मागून अवजड ट्रक न्यायचे, असा क्रम असतो. प्रत्यक्ष युद्धातही हलक्या जीपकडे हेच टेहळणीचे काम असे. या बाबतीत खेळ इतिहासाला धरून आहे.

माझगावमार्गे आलेली जीप

महाराष्ट्राला या गाडीची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. अमेरिकी सैन्याला १९४० साली हलके, चारही चाकांना ताकद मिळणारे टेहळणी वाहन हवे होते. ‘बँटम’ या छोट्या कंपनीने त्याचा पहिला नमुना त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर ही गाडी जगभर पसरली. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड महंमद’ या कंपनीचे नाव फाळणीनंतर १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. परदेशातून सुट्या भागांच्या रूपात येणाऱ्या विलीज जीप माझगावात जोडण्याचे काम याच कंपनीने सुरू केले. हळूहळू सुटे भागही इथेच बनू लागले आणि उंच बॉनेटची ‘सीजे-थ्री-बी’ जीप भारतीयांच्या नजरेत कायमची बसली. लष्कर, पोलीस, वन खाते, पाटबंधारे खाते, तहसीलदार, निवडणुकीचा प्रचार असे जीपविना चालेल असे ग्रामीण जीवनाचे एकही अंग उरले नाही.

वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे नवी, लांब बांध्याची डिझेल वाहने आली आणि प्रवासी वाहतुकीची ‘काळी-पिवळी’ गावोगावच्या फाट्यांवर उभी राहू लागली. दोन्ही बाजूंना लटकलेले प्रवासी आणि टपावर बाजाराची पोती, हे दृश्य विदर्भाला परिचित आहे. या वाहनांचा मूळ पुरुष म्हणजे तीच युद्धातली जीप. फरक एवढाच, की काळ्या-पिवळ्यांपैकी बहुतेकांच्या फक्त मागच्या चाकांना ताकद असे. जीपचे खरे गुपित असलेली चार चाकांची जोडणी या प्रवासात मागे पडली.

तीन दांड्यांचे गणित

हे गुपित समजून घेण्यासाठी मूळ विलीज जीपमध्ये डोकवावे लागेल. चालकाच्या शेजारी जमिनीतून तीन दांडे वर आलेले दिसतात. पहिला नेहमीच्या गिअरचा. पुढे जाण्याचे तीन आणि मागे येण्याचा एक, एवढेच गिअर त्यावर आहेत. दुसरा दांडा पुढच्या चाकांना ताकद जोडणारा. चालकांच्या भाषेत ‘फोर व्हील टाकणे’ म्हणतात ते याने होते. तिसरा दांडा ‘हाय’ आणि ‘लो’ यांचा. तो ‘लो’वर टाकला, की वेग जवळपास निम्मा होतो आणि चाकांना मिळणारा पीळ जवळपास दुप्पट.

आता थोडा हिशेब करू. विलीजचे इंजिन २.२ लिटरचे आणि साठ अश्वशक्तीचे. आजच्या मोटारींच्या तुलनेत हे मामुलीच. परंतु पहिला गिअर सुमारे २.६६ पट, ‘लो’ची जोडणी १.९७ पट आणि आसातील दंतचक्रे ४.८८ पट, असे तीन टप्प्यांत इंजिनाचे फेरे कमी होत जातात. तिन्हींचा गुणाकार केला तर तो सुमारे साडेपंचवीस येतो. म्हणजे इंजिनाचे साडेपंचवीस फेरे झाले, की चाकाचा एक फेरा होतो आणि पीळ तितक्याच पटीने वाढतो. घर्षणात वाया जाणारा भाग सोडला, तर चाकांच्या टोकाशी या जीपची ओढण्याची ताकद सुमारे एक टनापर्यंत जाते. जीपचे स्वतःचे वजन साधारण अकराशे किलो आहे. स्वतःच्या वजनाएवढे ओढू शकणाऱ्या गाडीला चढण चढण्यासाठी आणखी ताकद कशाला हवी?

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जीप चिखलात अडते ती इंजिन कमी पडते म्हणून नव्हे. चाकाखालची माती तेवढा जोर सोसू शकत नाही, म्हणून ती अडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची जेवढी पकड असते, तिच्या निम्मीसुद्धा ओल्या चिकण मातीवर राहत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला, तर चाक जागच्या जागी गरगरते, खालची माती उकरते आणि गाडी आणखी खोल जाते. नवखा खेळाडू पडद्यावर पहिली चूक हीच करतो. इंजिन किंचाळते, चाकांतून चिखलाचे फवारे उडतात आणि जीप पोटावर टेकते. दोन-चार वेळा फजिती झाली, की तो आपोआप ‘लो’ टाकायला आणि माणसाच्या चालीने गाडी न्यायला शिकतो. विलीजही पहिल्या ‘लो’ गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांवर ताशी जेमतेम पाच किलोमीटरने चालते. संयमाचा हा धडा खेळ अगदी बरोबर शिकवतो.

बारकावे मात्र गळतात. खेळात एक कळ दाबली, की चारही चाके जोडली जातात. पुन्हा दाबली, की सुटतात. विलीजमध्ये पुढची चाके जोडल्याशिवाय ‘लो’ पडतच नाही, अशी अटकाव-व्यवस्था आहे. दुप्पट झालेला पीळ एकट्या मागच्या आसावर आला, तर आस मोडण्याची भीती असते. याउलट टणक, कोरड्या रस्त्यावर ‘फोर व्हील’ ठेवून चालवणेही वर्ज्य आहे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक घसरण्यातून भरून निघतो, डांबरावर तो दंतचक्रांवर ताण म्हणून साचत जातो. पहिल्या गिअरला फेरे जुळवून घेणारी व्यवस्थाही विलीजमध्ये नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा झाल्यास क्लच दोनदा दाबून इंजिनाचे फेरे जुळवावे लागतात, नाहीतर दाते करकरतात. म्हणूनच अनुभवी चालक नाल्यात उतरण्याआधी, कोरड्या काठावर थांबूनच सगळे दांडे जागच्या जागी टाकून घेत. मध्येच गिअर बदलायला क्लच दाबला, की गाडीची चाल मोडते आणि मोडलेली चाल चिखलात पुन्हा मिळत नाही.

चार चाके, पण किती खरी?

‘चारही चाकांना ताकद’ या शब्दांनी आणखी एक गैरसमज होतो. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरावे, यासाठी प्रत्येक आसाच्या मधोमध ‘डिफरन्शियल’ नावाचा दंतचक्रांचा डबा असतो. त्याचा स्वभाव असा, की ज्या चाकाला अडथळा कमी, त्याच्याकडे फिरणे धावते. एक चाक हवेत लटकले किंवा निसरड्यावर आले, की तेच गरगर फिरते आणि टणक जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. जुन्या विलीजमध्ये हे डबे अगदी साधे आहेत. पुढचे एक आणि मागचे तिरप्या कोपऱ्यातले एक अशी दोन चाके उचलली गेली, की ही चार चाकांची जीप जागीच खिळते.

खेळात यावर तोडगा असतो. ‘डिफ-लॉक’ची कळ दाबली, की एका आसाची दोन्ही चाके जणू एकाच सळईला जोडल्यासारखी बरोबर फिरतात. खऱ्या वाहनांतही अशी सोय असते, परंतु ती काही निवडक वाहनांतच आणि बहुतेक जुन्या जीपमध्ये नाहीच. पडद्यावर कळ दाबून सुटलेला खेळाडू खऱ्या जीपमध्ये बसला, तर ती कळ शोधत राहील. जुन्या चालकांकडे तिची जागा घेणारी एकच युक्ती होती. चाक खड्ड्यात पडणारच नाही अशी रेषा आधी पायी चालून ठरवायची.

शहरी वाचकांसाठी इथे एक इशारा आवश्यक आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या उंच, दणकट चेहऱ्याच्या अनेक ‘एसयूव्ही’ गाड्यांमध्ये फक्त पुढच्या दोन चाकांना ताकद असते. उंची आणि टायरचा आकार पाहून त्यांना जीपचे गुण चिकटवणे धोक्याचे आहे. आपल्या गाडीत ‘फोर व्हील’ची सोय आहे की नाही, हे पांदणीत शिरल्यावर नव्हे, घरून निघण्याआधी पाहायचे असते.

काळ्या मातीचा स्वभाव

या खेळांचे खरे कौतुक करायचे, तर त्यांनी मातीला पात्र बनवले याचे. खेळातील जमीन म्हणजे उंच-सखल बिंदूंची बारीक जाळी असते. चाकाचा भार पडला, की तेवढे बिंदू खाली दबतात आणि बाजूचे वर येतात. दबलेली जागा तशीच राहते. त्यामुळे एकाच वाटेने पाच वेळा ट्रक नेला, तर खोल चाकोरी पडते आणि सहाव्या वेळी जीपचे पोट मधल्या उंचवट्याला लागते. पांदणीतही हेच घडते. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत लहान गाडी शिरली, की ती अधांतरी टेकते. विलीजचे पोट जमिनीपासून जेमतेम बावीस सेंटिमीटर वर आहे, हे ध्यानात घेतले की चाकोरीच्या मधून नव्हे, तिच्या काठांवरून चाके न्यायची, हा जुना नियम का आहे ते कळते.

परंतु वाशीमची माती नुसती मऊ नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या या काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी आटले, की ती आकसते व भेगाळते. ओली असताना ती टायरला नुसती लागत नाही, तर नक्षीच्या खाचांमध्ये गच्च बसते. खाचा भरल्या, की दातेरी टायरही तुळतुळीत रबरासारखा वागू लागतो. महायुद्धातील जीपच्या टायरची नक्षी पुढे-मागे दोन्ही दिशांना सारखी असे. ती चिकणमातीत लवकर भरून जाई, हा तिचा दोष होता.

टायरमधील हवा कमी करण्याची युक्ती इथे पूर्ण उपयोगी पडत नाही. तिचे तत्त्व सोपे आहे. हवेचा दाब निम्मा केला, की त्याच भाराखाली टायर पसरतो आणि जमिनीवरचा ठसा जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे गाडी कमी रुतते. ‘एक्स्पेडिशन्स’ या खेळात ही सोयही दिलेली आहे. वाळूत ती रामबाण ठरते. खोल, चिकट काळ्या मातीत मात्र रुतण्याइतकाच चिकटण्याचाही प्रश्न असतो आणि तो पसरट टायरने सुटत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. खेळात चिखलाची जागा ठरलेली असते. तो आज आहे तसाच उद्या असतो. काळी माती तासातासाला बदलते. पाऊस थांबून एक-दोन दिवस ऊन पडले, की जमिनीला वाफसा येतो. तिच्यात ओल राहते, पण ती चिकटत नाही. पेरणी आणि डवरणीसाठी शेतकरी ज्या वाफशाची वाट पाहतो, तोच वाफसा गाडीवानाच्याही कामाचा. सकाळी अशक्य वाटणारी वाट दुसऱ्या दिवशी दुपारी सहज पार होते. शिवाय जिल्ह्याची जमीनही एकसारखी नाही. नदीकाठी खोल काळी माती, तर माळावर उथळ, मुरमाड जमीन. मुरमावरून सहज आलेली गाडी पुढच्या शंभर पावलांत काळ्या मातीत रुतू शकते. वाट पाहणे आणि जमिनीचा रंग ओळखणे हे चिखलातले दोन उत्तम उपाय आहेत आणि त्यांसाठी खेळात एकही कळ नाही.

हा प्रश्न केवळ हौशी चालकांचा नाही. वावरातला माल घरी येणे, आजारी माणूस वेळेत डांबरी सडकेला लागणे, मुलांची शाळा बुडू नये, हे सारे पांदण रस्त्यावर अवलंबून असते. देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या २०१८ सालच्या यादीत वाशीमचा समावेश झाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ योजना आखली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि २०२२ च्या डिसेंबरपासून त्याच्या पहिल्या टप्प्यावर वाहने धावू लागली. सहा पदरी काँक्रीट आणि गुडघाभर चिखल यांच्यात इथे कधी कधी एखाद्या धुऱ्याचे अंतर असते. महामार्गावरून सुसाट आलेल्या शहरी चालकाला ते अंतर लक्षात येत नाही.

पाण्याशी खेळ नाही

खेळ आणि वास्तव यांच्यातील सर्वांत मोठी दरी पाण्यात आहे. पडद्यावर नदी ओलांडणे हा आनंदाचा भाग असतो. पाणी खोल असेल, तर इंजिनाची हानी होते, प्रवाह गाडीला बाजूला रेटतो, एवढे खेळ दाखवतो. गाडी बुडाली तर मात्र एक कळ दाबली, की ती गॅरेजमध्ये सुखरूप परत उभी राहते.

खऱ्या पाण्याचा हिशेब असा आहे. विलीज जीप खास तयारीविना सुमारे अर्धा मीटर खोल पाण्यातून जाऊ शके. पण ही मर्यादा संथ पाण्यासाठी आणि तळ टणक असताना. वाहते पाणी निराळे. बंद मोटारीच्या तळाचे क्षेत्र साडेचार चौरस मीटर धरले, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी तिला सुमारे साडेचारशे किलोच्या जोराने वर उचलते. चाकांवरचा भार तेवढा हलका होतो आणि भार हलका झाला, की पकडही जाते. अकराशे किलोची बंद गाडी तळाच्या वर पंचवीस सेंटिमीटर पाणी चढताच तरंगू लागते. त्याआधीच प्रवाह तिला आडवी लोटायला पुरेसा असतो. साधारण दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही वाहून नेऊ शकते, ते यामुळेच. उघड्या जीपमध्ये पाणी आत शिरते, त्यामुळे ती लगेच तरंगत नाही. पण आत बसलेल्यांना प्रवाहाचा मार थेट बसतो.

विदर्भातील अनेक छोट्या रस्त्यांवर नाल्यांवर बुटके फरशी पूल आहेत. वर कुठे तरी पाऊस झाला, की इथे ऊन असतानाही त्यांवरून गढूळ पाणी वाहू लागते. त्या पाण्याखाली पुलाची कड दिसत नाही. फरशी जागेवर आहे की मध्येच वाहून गेली आहे, हेही दिसत नाही. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन घालू नये, हे प्रशासन दर पावसाळ्यात बजावते आणि तरीही दर पावसाळ्यात कुणी तरी घालतेच. इथे चार चाकांची ताकद, ‘लो’ गिअर आणि चालकाचे कसब यांपैकी काहीही कामी येत नाही. तरंगणाऱ्या चाकाला किती ताकद दिली, याला अर्थच उरत नाही.

दोराचेही तसेच. खेळात ‘विंच’ची तार समोरच्या झाडाला अडकवली, की जीप अलगद बाहेर येते आणि तार तुटून कुणाला लागत नाही. वास्तवात बहुतेक जीपना विंच नसते. धुऱ्यावरची बाभूळ किंवा कडुनिंब हाताशी असला, तरी बाहेर काढायला लागतो तो ट्रॅक्टर, चार माणसे आणि एक मजबूत दोर. ताणलेला दोर किंवा साखळी तुटली, तर ती चाबकासारखी उलटते. त्या रेषेत कुणी उभे राहू नये, हे गावातले जाणते लोक न सांगता पाळतात. स्टिअरिंगचा झटकाही तसाच. दगडावर चाक आपटले, की जुन्या जीपचे स्टिअरिंग हातातच फिरते. म्हणून अंगठे चाकाच्या आत अडकवायचे नाहीत, कडेवर ठेवायचे, असा दंडक असे. संगणकाला जोडायच्या महागड्या स्टिअरिंगला हा झटका थोडाफार जाणवतो. अंगठा मात्र शाबूत राहतो.

मग शिकावे काय?

नकली चालवण्यातून खरे चालवणे शिकता येते, ही कल्पना नवी नाही. विमानचालकांना जमिनीवरच शिकवणारे यंत्र एडविन लिंक यांनी १९२९ साली बनवले होते आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक अशा यंत्रांवर तयार झाले. भारतातही २०२१ साली लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर आणि चाचणी मार्ग असणे बंधनकारक आहे. चूक करण्याची मुभा हा अशा यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे. ‘लो’ कधी टाकावा, चाकोरी कशी चुकवावी, चाक गरगरू लागताच पाय का उचलावा, हे पडद्यावर शंभर वेळा चुकून शिकता येते आणि त्यात कुणाचे डिझेल जळत नाही. लष्करी जीपचे तीन दांडे ज्यांनी कधी पाहिलेच नाहीत, अशा पिढीला त्यांचे तर्कशास्त्र समजावे, याचे मोलही कमी नाही. ते जाणणारे जुने चालक आता कमी होत चालले आहेत.

परंतु चुकीची मुभा हाच या खेळाचा दोषही ठरतो. शंभर वेळा नदीत घातलेली गाडी शंभर वेळा परत मिळाली, की पाण्याची भीती नकळत मोडते. जुना चालक वेगळ्या शाळेत शिकलेला असे. त्याच्या मागे सात-आठ माणसे बसलेली असत, त्यांत एखादी बाळंतपणासाठी निघालेली लेक असे आणि पुढच्या गावात दुसरी गाडी नसे. म्हणून तो नाल्याच्या काठावर उतरे, काठी खुपसून चिखलाचा अंदाज घेई, टणक रेषा पायाने चाचपून येई आणि मगच दांड्याला हात लावी. पुलावरून पाणी वाहत असेल, तर मात्र तो पाण्यात पायही घालत नसे. गाडी बंद करून बिडी पेटवी आणि पाणी उतरण्याची वाट पाही. दोन तास गेले तरी कुणी कुरकुरत नसे.

येत्या पावसाळ्यात सुट्टीला गावी निघालेल्या वाचकाने जीप चालवण्याचा खेळ अवश्य खेळून पाहावा. त्यातून चिखल समजेल. गावाजवळच्या फरशी पुलावर मात्र त्या थांबलेल्या चालकाला आठवावे, गाडी वळवून फाट्यावरच्या टपरीशी उभी करावी आणि चहा सांगावा. पाणी ओसरल्याची बातमी तिथे सर्वांत आधी येते.